बोगनवेलीच्या कुंपणाला दरवर्षी त्याच जागी भगदाड पडतंय? आमचं काय चुकत होतं ते लिहितेय

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, चार विंग, आणि मागची ७० फुटांची भिंत नाल्याला लागून. आतून मोजली तर भिंत साडेपाच फूट भरते, पण बाहेरच्या बाजूला दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ काढून कडेला टाकतात, तो वाळून तिथेच बसतो, त्यावर रात्री कोणीतरी डेब्रिजचा टेम्पो रिकामा करून जातं, असं करत करत तिकडची जमीन इतकी वर आलीये की बाहेरून ती भिंत जेमतेम कमरेला लागते. आतून भिंत आणि बाहेरून कट्टा.

काही वर्षांपूर्वी एका रात्रीत तळमजल्यावरच्या तीन घरांच्या एसीच्या तांब्याच्या पाइपा कापून नेल्या, सोबत बागेतले दोन पितळी नळ. मग एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, नेहमीचं सगळं झालं. भिंत वाढवायची तर इंजिनिअर म्हणाला आहे त्या पायावर नको, नवीन पाया घ्या, तो आकडा ऐकून सगळे गप्प. एक काका म्हणाले वरती काचा लावा, दुसरे म्हणाले तार लावून करंट सोडा. मी म्हटलं काटेरी झाडं लावूया ना, आमच्याकडे वेंगुर्ल्याला सगळी वई, म्हणजे कुंपण, काट्यांचीच असते. सुचवलं मी, म्हणून गळ्यातही माझ्याच पडलं.

तर २४ बोगनवेली आणल्या, तीन-तीन फुटांवर लावल्या. पहिल्या वर्षी सगळे खूश. दुसऱ्या वर्षीपासून मात्र एकच रडगाणं: दिवाळीत वरती गुलाबी रंगाचा नुसता पूर, फोटो काढा, स्टेटसला टाका, आणि खाली वाकून बघितलं तर दोन फूट नुसत्या काटक्या, आरपार भिंत दिसतेय. आणि पंप रूमच्या मागे, नवव्या आणि अकराव्या वेलीच्या मध्ये, माणूस आडवा होऊन जाईल एवढं भगदाड. दहावं रोप मेलं, नवीन लावलं, तेही मेलं, परत लावलं. तीन वर्षं हेच. तुमच्याकडेही असंच होत असेल तर नर्सरीत पळायच्या आधी हे वाचा, आमचे बरेच पैसे फुकट गेलेत.

सगळ्यात आधी रोप बघू नका, जमीन बघा. मी तीन वर्षं रोपालाच दोष देत बसले होते, मुळं कुजली, वाळवी लागली, माळीकाकांनी पाणी घातलं नाही. मग एकदा मुलीला सकाळची बस पकडायची होती म्हणून मी सहा-सव्वासहाला खाली उतरले आणि सहज मागे चक्कर मारली. भगदाडाच्या तिथे जमीन चक्क गुळगुळीत. बाकी पट्ट्यात पालापाचोळा, गवत, आणि इथे दीड फूट रुंदीची पायवाट, रोज शेणाने सारवल्यासारखी. आणि भिंतीवर, बरोब्बर भगदाडाच्या वर, एक गोणपाट दुमडून ठेवलेलं. आमची बोगनवेल त्या गोणपाटापुढे हरली होती. काट्यांवर गोणपाट टाकायचं, त्यावर हात टेकवायचा, उडी मारायची, आणि गोणपाट परत घडी करून ठेवायचं, किती व्यवस्थित!

दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. सहा पंचवीसला पहिल्या मावशी आल्या, बी विंगमध्ये चार घरची कामं करतात त्या. मला बघून त्याच जास्त दचकल्या. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि मग, आता हसू येतं पण तेव्हा डोकंच फिरलं होतं, आमच्याच डी विंगमधले एक काका उलट्या दिशेने, आतून बाहेर, हातात दुधाची पिशवी अडकवून. ज्यांनी करंट सोडा म्हटलं होतं तेच. कुंपणानेच शेत खाणं म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं.

मावशींना विचारलं तर त्यांचं म्हणणं साधं होतं. "ताई, मेन गेटनं यायचं तर नाल्यावरच्या पुलापर्यंत जाऊन फिरून यायला लागतं, पंधरा-वीस मिन्टं जातात, आन पहिल्या घरी साडेसहाला नाही पोचलं तर मॅडम बोलतात." त्या साडेसहाच्या मॅडम कोण ते मला माहिती आहे, आणि एजीएममध्ये सुरक्षेवर सगळ्यात मोठं भाषण त्यांचंच झालं होतं.

म्हणजे आमचा घोळ असा होता की जे रोज येतात त्यांच्यासाठी वाट नव्हती, म्हणून त्यांनी ती केली, आणि एकदा वाट झाली की ती पाइपवाल्यालाही दिसते. दहावं रोप वाळवीने मरत नव्हतं, पायाखाली मरत होतं. तुम्हीही आठवडाभर वेगवेगळ्या वेळी बघा. सकाळी कोण, दुपारी शाळा सुटल्यावर कोण, रात्री अकरानंतर कोण. कॅमेरा असेल तर त्याचं फुटेज बघा, पण आमच्यासारखा पोपट होऊ देऊ नका, आमच्या मागच्या कॅमेऱ्यासमोर बोगनवेलीची फांदी आली होती आणि सहा महिने तो वाऱ्याने हलणारी फुलं रेकॉर्ड करत होता.

मग उपाय काय, तर तिथेच छोटं फाटक. तीन फूट रुंद, लोखंडी, आतून कडी, सकाळी ६ ते ९ वॉचमन तिथे खुर्ची टाकून बसतो, वहीत नाव, बाकी वेळ कुलूप. कमिटीत यावर दोन महिने वाद झाला, चोरी होते म्हणून दरवाजा उघडायचा हे कसलं लॉजिक म्हणे. मी म्हटलं दरवाजा तर तीन वर्षं उघडाच आहे, फक्त कुलूप लावायची सोय नाहीये.

यावरून एक गंमत सांगते, विषय सोडून आहे पण तेवढाही नाही. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवायला अख्ख्या हिंदुस्थानभर एक काटेरी कुंपण घातलं होतं, पंजाबच्या बाजूने खाली बऱ्हाणपुरापर्यंत आणि पुढे ओडिशाकडे, ती सगळी कस्टम लाइन मिळून २,३०० मैलांच्या वर. आधी नुसत्या तोडलेल्या काट्यांची होती, तिला वाळवी खायची, आग लागायची, वादळात उडायची. मग १८६७ ते १८७० या काळात ॲलन ह्यूम तिथे कमिशनर होता, त्याने जिवंत झाडं लावण्यावर जोर दिला, बाभूळ, बोर, निवडुंग, आणि हो, करवंद. हा तोच ह्यूम जो पुढे काँग्रेस काढण्यात पुढे होता, १८८५ चं पहिलं अधिवेशन आपल्या मुंबईतच, गवालिया टँकच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात. तर एवढं कुंपण, बारा हजारांच्या घरात माणसं पहाऱ्याला, तरी लोक मिठाची पोती वरून पलीकडे फेकायचेच. आणि वाहतुकीच्या रस्त्यांवर त्यांनाही फाटकं आणि चौक्या ठेवाव्याच लागल्या. १८७९ मध्ये सगळं गुंडाळलं. मी कमिटीत हे सांगितलं तर चेअरमन म्हणाले मॅडम तुम्ही फाटकाचं कोटेशन आणा.

असो. आता झाडांकडे.

खालून उघडं पडणं, हा बोगनवेलीचा स्वभावच आहे. ती मुळात चढणारी वेल, उन्हाकडे धावणार. आमची भिंत ए विंगच्या सावलीत, हिवाळ्यात तर दुपारी बारापर्यंत ऊन नाही, मग तिने काय केलं, खालचं सगळं सोडून दिलं आणि भिंतीच्या वर जिथे ऊन मिळतं तिथे जाऊन पसरली. दिवसाला पाच-सहा तास कडक ऊन नसेल तर बोगनवेल कुंपणाला घेऊच नका, फुलं पण नाही आणि दाटपणा पण नाही, नुसते लांबच लांब चाबूक. तो रंग फुलांचा नसतोच म्हणा, रंगीत पानं असतात ती, खरं फूल आतलं ते पांढरं टिचकं. आणि आमच्या माळीकाकांनी प्रेमाने दर पंधरा दिवसांनी युरिया घातला, त्याने अजून पानं आणि अजून चाबूक. बोगनवेलीला लाड चालत नाहीत, थोडा पाण्याचा ताण दिला की उलट जास्त फुलते.

दुसरी चूक छाटणीची, आणि ही कुठल्याही कुंपणाला लागू आहे. आम्ही रोपं उंच व्हायची वाट बघत बसलो. भिंतीवर गेली की छाटू म्हणून. अहो, तोपर्यंत खालचे डोळे, जिथून फांद्या फुटतात ते, झोपून गेलेले असतात. रोप जमिनीत धरलं, नवीन पालवी आली, की शेंडा मारायचा, म्हणजे टोक छाटायचं, अगदी फूटभरावर, मन घट्ट करून. मग त्याला खालून तीन-चार फांद्या फुटतात, त्या सात-आठ इंच वाढल्या की परत शेंडे मारायचे. पहिलं वर्ष कुंपण बुटकंच दिसणार, लोक टोमणे मारणार, मला एकीने विचारलं पण की हे बोनसाय आहे का. मारू द्या टोमणे. आणि आकार देताना पायथा रुंद, माथा अरुंद ठेवायचा. कात्री हातात आली की माळी सरळ भिंतीसारखं कापतात किंवा वरती फुगीर ठेवतात, मग वरच्याच्या सावलीत खालचं मरतं आणि परत टक्कल.

आधीच टक्कल पडलेल्या बोगनवेली असतील तर एकदम उपटू नका. आम्ही अर्ध्या वेली पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, दीड फुटावर कापल्या, त्यातल्या बहुतेक खालून फुटल्या. दोन लांब फांद्या वाकवून जमिनीत दाबून वर दगड ठेवला होता, त्यांनाही मुळं धरली, फुकटात दोन रोपं मिळाली. पण एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावायला गेलो त्या सगळ्या मेल्या, बोगनवेलीची मुळं नाजूक असतात, मातीचा गोळा फुटला की संपलं.

आता माती. फाटकासाठी खड्डा खणला तेव्हा कळलं की वरची सहा इंच लाल माती सोडली तर खाली सगळं रॅबिट. विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंटचे गोळे, एक अख्खा कमोडचा तुकडा निघाला. बिल्डरने बिल्डिंग बांधल्यावर जे उरलं ते मागे पुरलं आणि वर माती पसरली, मुंबईत बहुतेक सोसायट्यांच्या मागे हेच असतं. सिमेंटच्या चुऱ्याने माती चुनखडीसारखी होते, मग झाडाला लोह मिळत नाही. ओळखायचं कसं, तर कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारखं पान दिसतं. आमची पानं अशीच होती आणि आम्ही पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवत होतो. उपाय एकच, कंटाळवाणा आहे, दीड बाय दीड फुटाचा चर खणून रॅबिट बाहेर काढा आणि चांगली माती आणि शेणखत किंवा सोसायटीचं कंपोस्ट भरा. ७० फुटांचा चर, दोन माणसं, चार दिवस, डेब्रिज उचलायला टेम्पो वेगळा. याच कामाला सगळ्यात जास्त पैसे लागले आणि याच कामाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आणि चर भरताना जमिनीच्या बरोबरीने भरू नका, आठ-नऊ इंच उंच वरंबा करा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि भिंतीच्या बुंध्याशी पाणी साठतं, काटेरी झाडं बहुतेक कोरड्या भागातली, त्यांना ओले पाय आवडत नाहीत. भिंतीला पाणी जायला भोकं असतात ती मातीने बुजवू नका, आम्ही दोन बुजवली आणि जुलैत पंप रूममध्ये पाणी.

करवंदीवर आम्ही आलो ते मामामुळे. गणपतीला गावी गेले होते, फोटो दाखवले, तर त्याने फोन परत देऊन टाकला, म्हणाला, "बोगनवेल कित्याक लायलंस गो? करवंदी लाय." खरंय त्याचं. करवंद आपल्याच सह्याद्रीतलं, बारा महिने हिरवं, पाऊसही सोसतो आणि एप्रिल-मेचा कोरडेपणाही, आणि मुख्य म्हणजे ते वेल नाही, झुडूप आहे, खालपासून गच्च. काटे इंचभर, ताठ, जोडीने येतात, कधी टोकाला दुभंगलेले. गोणपाट टाकून बघा म्हणावं. बोगनवेलीची फांदी गोणपाटाखाली दबते, करवंदीची दबत नाही, गोणपाटच फाटतं, हे मी स्वतः करून बघितलंय, पंजाही फाडून घेतलाय.

तोटा एकच, पहिली दोन वर्षं जाम हळू वाढते. आणि नर्सरीत मागताना नीट मागा. फळांसाठीची कलमं असतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड वगैरे, ती खायला मस्त पण कुंपणाला एवढा खर्च कशाला, साधी बियांची रोपं घ्या. आम्हाला ४० रुपयाला एक पडलं. आम्ही दोन ओळी केल्या, दोन फुटांवर एक रोप आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या दोघांच्या मध्ये, असं नागमोडी, फाटकाची जागा सोडून ६६ रोपं. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर लावली. घरी बियांपासून करणार असाल तर करवंदं खाल्ल्या खाल्ल्या बिया धुऊन लगेच पेरा, वाळवून डब्यात ठेवल्या तर रुजत नाहीत.

मधल्या दोन वर्षांचं काय, हा प्रश्न येतोच. आम्ही जुन्या छाटलेल्या बोगनवेलीच्या फांद्या रोपांच्या मागे, भिंतीला टेकवून आडव्या बांधल्या, वाळल्या तरी काटे टोचतातच. गावाकडची वई अशीच असते. मोठ्या झालेल्या कुंपणात मध्येच एक रोप मेलं तर तिथे पिटुकलं रोप लावून उपयोग नाही, शेजारचे त्याला ना ऊन देतात ना माती. शेजारच्याच फांद्या आडव्या वाकवून सुतळीने बांधा आणि भोक विणून घ्या, सहा महिन्यांत भरतं.

बाकी काय काय लोकांनी सुचवलं आणि का नाही लावलं ते पटकन सांगते. घायपात, पूर्वी रेल्वेच्या कडेला असायची ती: पानाच्या टोकाला सुई असते आणि ती बरोबर लहान मुलांच्या डोळ्याच्या उंचीवर येते, शिवाय पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, आणि डासांच्या अळ्या शोधायला महापालिकेची माणसं आली की मग सेक्रेटरीची पळापळ. शेर आणि त्रिधारी निवडुंग: चीक डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेतू शकतं, छाटणाऱ्या माळ्याचा विचार करा, आणि कधी गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. फड्या निवडुंग: मोठे काटे दिसतात, पण त्याच्या बुडाशी कुसळांसारखे बारीक काटे असतात ते कपड्यात घुसतात आणि वॉशिंग मशीनमधून दुसऱ्या कपड्यात. बाभूळ, विलायती चिंच: छान, पण झाड होतात, आणि मग मुंबईत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सोनेरी ड्युरांटा: एका लँडस्केपवाल्याने काटेरी म्हणून विकायला बघितला, आमच्या वॉचमनने त्यात हात घालून दाखवला. सागरगोटा: आईचा आग्रह होता, समुद्रकाठी त्याची वई असते, काटा आकड्यासारखा, माणूस अडकला की सुटत नाही. पण ती वेल एका पावसाळ्यात पंप रूम गिळेल, तिला आवरणार कोण. बिया मात्र आणल्या, मुलीला सागरगोटे खेळायला शिकवले, पाच मिनिटांत कंटाळली.

जिथे अजिबातच ऊन नाही, आमच्या ए विंगच्या कोपऱ्यात दहा-बारा फूट तसे आहेत, तिथे काटेरी झाडाचा हट्ट सोडा. आम्ही कोरांटी लावून बघितली, जगली आहे, पिवळी फुलंही येतात, पण ती कमरेच्या वर जात नाही, चोर अडणार नाही. तिथे सरळ लोखंडी ग्रिल लावलं.

काचा आणि करंटवाल्या काकांसाठी, आणि असे काका प्रत्येक सोसायटीत असतात: १९६३ साली सुप्रीम कोर्टाने बिहारच्या एका प्रकरणात निकाल दिलाय. शेजारच्यांच्या संडासाची भिंत पडली म्हणून ते लोक याच्या संडासात जायला लागले, याने वाटेत उघडी तांब्याची तार लावून करंट सोडला, एक बाई गेली. शिक्षा कायम झाली. कोर्टाचं म्हणणं असं की माणूस परवानगीशिवाय आत आला म्हणून त्याला इजा करायला सापळा लावता येत नाही. दिसणारं काटेरी झुडूप वेगळं आणि लपवलेली तार वेगळी. म्हणून आम्हीही काटे लपवले नाहीत, आणि भिंतीबाहेर रस्त्यावर लोंबणारी फांदी दर महिन्याला कापतो, चालणाऱ्याच्या तोंडावर काटा आला तर तो काही घुसखोर नाही.

काही गोष्टी आधी कोणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीजवळ ड्रेनेजचे चेंबर असतील तर तेवढी जागा सोडा, आमच्या प्लंबरने करवंदीत वाकून झाकण उघडलं आणि शर्ट काट्यात अडकल्यावर जे बोलला ते इथे लिहिता येत नाही. मुलांच्या खेळायच्या जागेपासून तीन फूट तरी लांब. फायर ब्रिगेडची गाडी फिरते तिथे काहीच नको. मेन गेटजवळ कुंपण छातीच्या वर जाऊ देऊ नका, दाट झाडीमागे लपायला बरंच पडतं आणि वॉचमनलाही दिसत नाही. बुंध्याशी पालापाचोळा आणि वरून टाकलेला कचरा साठला की घुशी येतात, भिंतीखाली बिळं करतात, तेव्हा महिन्यातून एकदा पंजाने ओढून साफ. छाटणीला चामड्याचे हातमोजे आणि जाड बूट, माळीकाका चपलेवर आले होते, काटा आरपार, धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि छाटलेल्या फांद्या ओल्या कचऱ्यात कोंबू नका, वेगळी मोळी बांधून वर चिंधी लावा, तो कचरा उचलणाऱ्याच्या हातात जाणार असतो.

राहता राहिला क्रिकेटचा बॉल. दुपारी चारनंतरचं निम्मं भगदाड पोरांमुळे होतं, आमची पण आणि नाल्यापलीकडची पण. ओरडून काही होत नाही. पोरांनीच नियम केला, बॉल कुंपणात गेला तर आऊट, आणि काढायला गावाहून आणलेला आंबे काढायचा झेला वॉचमनच्या केबिनमागे ठेवलाय. नियम झाल्यापासून सगळे ग्राउंड शॉट खेळायला लागलेत, कोच लावून झालं नसतं.

आज करवंदीला तीन वर्षं झाली. खाली हात घालायला जागा नाही, उंची चार फुटांच्या आसपास, फाटक धरून सगळं जमलंय, पाइपा शाबूत आहेत. दुधवाले काका वहीत सही करून जातात. फक्त या मे महिन्यात एक नवीन झालंय. पहिल्यांदाच करवंदं लागली, सात-आठ झुडपांना, काळी झाल्यावर पार नाल्यापलीकडून दिसायची. तर एका दुपारी बघते तर भिंतीबाहेरच्या ढिगाऱ्यावर पाच पोरं रांगेत उभी, एकाच्या हातात काठी, काठीला पुढे कापलेली बिसलेरीची बाटली बांधलेली, वरून खाली सोडून करवंदं तोडतायत, काट्यांना कुठे स्पर्श नाही. मला बघून पळाली नाहीत, एकाने विचारलं, "आंटी, कच्ची पण घेऊ का, लोणच्याला?" वॉचमन म्हणतोय पुढच्या वर्षी फुलंच छाटून टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही. पुढच्या कमिटी मीटिंगला विषय ठेवलाय.